‘फरक दिसला नाही’ आणि ‘फरक नाही’: बिअरमधल्या जिलेटिनच्या प्रयोगाची चिकित्सा

पेपर कसा वाचायचा हे शिकताना आपण सहसा मोठ्या जर्नलमधला पेपर उचलतो आणि त्यातल्या आकडेमोडीने दबून जातो. त्यापेक्षा एखादा छोटा, हौशी लोकांनी प्रामाणिकपणे केलेला प्रयोग चिकित्सेला घेतलेला बरा. त्याचे सांधे उघडे असतात, कुठे काय जोडलंय ते दिसतं. म्हणून आज विषय थोडा वेगळा: घरी बनवलेली बिअर जिलेटिन घालून निवळवणं, आणि ‘त्याने चव बिघडते का?’ हे तपासणारा प्रयोग.

आधी एक खुलासा. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं बेकायदेशीर आहे, तेव्हा ही पोस्ट वाचून कोणी केग मांडू नये. हा छंद प्रामुख्याने इंग्लंड-अमेरिकेतला. इंग्लंडमध्ये 1963 साली घरगुती बिअरवरची परवान्याची अट गेली. अमेरिकेत 1978 साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने केंद्रीय पातळीवर ती वैध झाली. तेव्हापासून तिथे गॅरेजमध्ये प्रयोग करणाऱ्यांची एक मोठी परंपरा आहे. आपल्याला त्यातून प्रयोगाचा साचा हवा आहे, बिअर नको.

प्रयोग काय असतो?

ताजी बिअर गढूळ असते. त्यात तरंगणारं यीस्ट असतं, आणि थंड केल्यावर प्रथिनं आणि पॉलिफेनॉल एकमेकांना चिकटून बारीक धूसरपणा येतो. अर्धा ते एक चमचा साधं जिलेटिन थोड्या पाण्यात मिसळायचं, 65 ते 70 अंश सेल्सिअसपर्यंत तापवून विरघळवायचं आणि सुमारे 19 लिटरच्या थंडगार केगमध्ये ओतायचं. एक ते तीन दिवसांत गाळ तळाशी बसतो आणि बिअर काचेसारखी दिसू लागते. आपल्याकडे गढूळ पाण्यात तुरटी फिरवतात किंवा भांड्याला निवळीचं बी घासतात, त्याच्याच नात्यातली ही गोष्ट.

आता शंका अशी की गाळाबरोबर चवही खाली जाते का? विशेषतः हॉप्सचा कडूपणा आणि वास? हे तपासायला हौशी लोक एकच बिअर दोन केगमध्ये विभागतात. एकात जिलेटिन, दुसऱ्यात नाही. मग दोन ग्लास शेजारीशेजारी ठेवून फोटो, आणि नंतर चव घेणाऱ्यांची ट्रँगल टेस्ट: तीन कप, दोनांत एक बिअर, तिसऱ्यात दुसरी, वेगळा कप ओळखा. अमेरिकेतल्या ‘ब्रूलोसॉफी’ या गटाने असे प्रयोग मोठ्या संख्येने करून प्रसिद्ध केले, आणि जिलेटिनही त्यांनी तपासलं आहे. मी इथे कोणा एकाच्या निकालावर बोलत नाही. साच्यावर बोलते आहे, कारण हाच साचा तुमच्या-माझ्या सिनॉप्सिसमध्येही सापडतो.

आधी जमेची बाजू

या साच्यात बऱ्याच गोष्टी चांगल्या आहेत, आणि त्या वगळून दोष काढणं ही चिकित्सा नव्हे.

पहिली गोष्ट, ट्रँगल टेस्ट. ही पद्धत 1940च्या दशकात कार्ल्सबर्गच्या ब्रुअरीत आकाराला आली. ‘तुम्हाला कुठली जास्त आवडली?’ हा प्रश्न ती विचारतच नाही. ‘वेगळी कुठली?’ एवढंच विचारते. त्यामुळे आवडीनिवडीचा गोंधळ बाजूला राहतो, आणि निव्वळ अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता आधीच ठाऊक असते: तीनात एक.

दुसरी, अपारदर्शक कप. जिलेटिनच्या प्रयोगात हे अत्यावश्यक आहे, कारण दोन बिअर दिसायलाच वेगळ्या असतात. डोळा जिभेला किती फसवतो याचं प्रसिद्ध उदाहरण म्हणजे मोरो, ब्रोशे आणि दुबुर्द्यू यांचा 2001चा पेपर. त्यांनी पांढऱ्या वाइनला बिनवासाचा लाल रंग दिला, आणि चव घेणाऱ्या 54 जणांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. स्वच्छ बिअर ‘फिकी’ लागते अशी तक्रार जर उघड्या ग्लासातून प्यायल्यावर आली असेल, तर तिचा उगम जिभेत आहे की डोळ्यात, हे सांगता येणार नाही.

तिसरी, आकडे उघड असतात. किती जणांनी चव घेतली, किती जणांनी ओळखलं, किती लागत होते. म्हणूनच आपण पुढची चिकित्सा करू शकतो. आकडे झाकणाऱ्या प्रयोगाची चिकित्सा करताच येत नाही.

पहिला आक्षेप: ‘सिग्निफिकंट नाही’ याचं भाषांतर

समजा 24 जणांनी चव घेतली. निव्वळ अंदाजाने सरासरी 8 जण बरोबर येतील. 5 टक्क्यांच्या नेहमीच्या मर्यादेनुसार ‘फरक आहे’ म्हणायला किमान 13 जण बरोबर हवेत. 13 आले तर पी-व्हॅल्यू साधारण 0.028 येते, 12 आले तर 0.068. म्हणजे एका माणसाने शेजारचा कप उचलला असता तर निष्कर्षाचं वाक्यच बदललं असतं. तरीही 12 आल्यावर लिहिलं काय जातं? ‘जिलेटिनने चवीत फरक पडत नाही.’

इथे थांबा आणि वहीत हे गणित करून बघा. समजा चव घेणाऱ्यांपैकी 30 टक्के लोकांना फरक खरोखर कळतो. हा काही छोटा आकडा नाही. दहातल्या तिघांना कळणारा फरक कुठल्याही ब्रुअरला झोप लागू देणार नाही. उरलेले 70 टक्के अंदाज मारतील, आणि त्यातले एक तृतीयांश, म्हणजे 23.3 टक्के, नशिबाने बरोबर येतील. एकूण 53.3 टक्के. 24 जणांत अपेक्षित बरोबर उत्तरं 12.8. आणि पास व्हायला हवेत 13!

याचा अर्थ असा की इतका ठसठशीत फरक असूनही ही चाचणी तो जेमतेम निम्म्याहून थोड्या जास्त वेळा पकडेल. फरक कळणारे 20 टक्केच असतील तर ती शक्यता 30 टक्क्यांच्या आसपास उतरते. यालाच चाचणीची ‘पॉवर’ म्हणतात. 30 टक्के ओळखणारे असतील आणि 80 टक्के पॉवर हवी असेल, तर चाळीसच्या आसपास लोक लागतात. हा हिशोब प्रयोगाआधी करायचा असतो. नंतर केला तर ती फक्त सारवासारव ठरते.

उलट बाजूने बघू. समजा 24 पैकी नेमके 8 बरोबर आले, म्हणजे अगदी अंदाजाइतकेच. आता तरी ‘फरक नाही’ म्हणता येईल? नाही. 95 टक्क्यांच्या वरच्या मर्यादेचा हिशोब केला तर अशा निकालातही सुमारे पाव लोकांना फरक खरोखर कळत असण्याची शक्यता उरते. ‘समान आहेत’ हा वेगळा दावा आहे आणि त्याला वेगळा पुरावा लागतो.

फार्मसीच्या मुलांना हे पटकन कळेल. जेनेरिक औषध मूळ औषधाइतकंच शरीरात शोषलं जातं हे दाखवताना ‘सिग्निफिकंट फरक आढळला नाही’ एवढं म्हणून चालत नाही. दोन्हींच्या गुणोत्तराचा 90 टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल 80 ते 125 टक्क्यांच्या आत बसवून दाखवावा लागतो. का? कारण नाहीतर सर्वांत सोपा मार्ग उघडा राहतो: कमी लोक घ्या, ढिसाळ मोजा, फरक आपोआप ‘दिसणार नाही’. बिअरच्या बाबतीत या चुकीने फार तर एक केग वाया जाईल. औषधाच्या बाबतीत माणूस जाईल. वाक्य मात्र दोन्हीकडे तेच असतं.

दुसरा आक्षेप: जिलेटिन नेमकं कोणाला दिलं?

मुलाखतीत मला विचारायला मिळालं तर मी सगळ्यांना हाच एक प्रश्न विचारेन: तुमच्या प्रयोगात ट्रीटमेंट कोणाला दिली? इथे ती चव घेणाऱ्यांना दिलेली नाही. ती केगला दिली. आणि केग किती? एकाला दिली, एकाला नाही. म्हणजे प्रयोगाचा आकार एक जोडी. चव घेणारे 24 असोत की 240, जोडी एकच राहते.

पर्यावरणशास्त्रात या चुकीला हर्लबर्ट यांनी 1984 साली ‘स्यूडोरेप्लिकेशन’ असं नाव दिलं, खोटी पुनरावृत्ती. एका तळ्यात खत टाकलं, दुसऱ्यात नाही, आणि दोन्हीकडून पन्नास-पन्नास बाटल्या पाणी उचललं, तर सॅम्पल शंभर होत नाहीत. तळी दोनच. समजा चव घेणाऱ्यांनी फरक ओळखला. पण तो जिलेटिनचा, की एका केगची रबर रिंग जुनी होती म्हणून? एकात भरताना जास्त हवा गेली म्हणून? एका जोडीतून हे वेगळं काढायला कुठलंही सॉफ्टवेअर पुरत नाही. आणि हा दोष दोन्ही बाजूंना कापतो: ‘फरक आहे’ हा निकालही तेवढाच लंगडा असतो.

तिसरा आक्षेप: कंट्रोलला नुसतं सोडून दिलं

जिलेटिन घालायचं म्हणजे केगचं झाकण उघडायचं, गरम द्रव ओतायचा, झाकण लावायचं. यात तीन गोष्टी घडल्या: जिलेटिन गेलं, थोडं पाणी गेलं, आणि थोडा ऑक्सिजन गेला. तयार बिअरला ऑक्सिजन वैरी. हॉप्सचा ताजा वास सर्वांत आधी तोच मारतो. दुसरा केग जर या काळात शांत बंद बसला असेल, तर ‘जिलेटिनने वास गेला’ आणि ‘झाकण उघडल्याने वास गेला’ यात फरक करता येत नाही.

उपाय फुकटचा आहे: दुसऱ्या केगचंही झाकण उघडा, तेवढंच, त्याच तापमानाचं पाणी जिलेटिनशिवाय ओता, बंद करा. औषधाच्या चाचणीत जशी साखरेची गोळी, तसं हे साधं पाणी. जिवंत प्राण्यांवर काम करणारे लोक ‘शॅम’ गट ठेवतात तो यासाठीच. तुमच्या कामात मीठ, उष्णता, हालचाल, सॉल्व्हंट असं जे काही ट्रीटमेंटच्या पाठीवर बसून येतं, ते कंट्रोललाही द्यायला हवं.

चौथा आक्षेप: एका क्षणाचा फोटो

दोन ग्लासांचा फोटो देखणा असतो, पण तो मोजमाप नसतो. त्यात दोन अडचणी आहेत.

पहिली वेळेची. जिलेटिन न घातलेली बिअरही थंडीत ठेवली की निवळत जाते, फक्त सावकाश. स्टोक्सच्या नियमानुसार कण खाली बसण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. व्यास दुप्पट झाला की वेग चौपट. जिलेटिन सुट्या कणांचे पुंजके करतं, म्हणून ते झटपट बसतात. तेव्हा जिलेटिनचा परिणाम मुख्यतः वेगावर आहे. दुसऱ्या दिवशी फोटो काढला तर जमीन-अस्मानाचा फरक, चार आठवड्यांनी काढला तर कदाचित नावापुरता. दोन्ही फोटो खरे, आणि कुठला छापायचा हे प्रयोग करणारा ठरवतो! अशा ठिकाणी एक बिंदू देऊ नये, वक्र द्यावा: रोज एकाच वेळी घेतलेलं वाचन. त्यातही खाच आहे. केगमधली नळी तळाजवळून बिअर ओढते, म्हणून पहिला ग्लास नेहमी गाळाचा. वाचन कितव्या ग्लासाचं, हे आधी ठरवून लिहिलेलं हवं.

दुसरी अडचण मोजण्याच्या एककाची. ब्रुअरीत गढूळपणा प्रकाशाच्या विखुरण्यावरून मोजतात, ईबीसी या एककात. एक ईबीसी म्हणजे चार एनटीयू. 90 अंशांच्या कोनात विखुरलेला प्रकाश बारीक कणांना, म्हणजे प्रथिन-पॉलिफेनॉलच्या धूसरपणाला, जास्त दाद देतो. 25 अंशांचा कोन यीस्टसारख्या मोठ्या कणांना. म्हणजे ‘गढूळ’ ही एक गोष्टच नाही, किमान दोन आहेत. फोटोत दोन्ही एक होऊन जातात.

पाचवा आक्षेप: गुळगुळीत कारणमीमांसा

अशा लेखांत एक परिच्छेद हमखास असतो: जिलेटिनवर धन प्रभार, यीस्ट आणि प्रथिनांवर ऋण प्रभार, दोघं आकर्षित होतात, खाली बसतात. वाचायला छान. किती खरं?

पहिला भाग टिकतो. जिलेटिनचा समविद्युत बिंदू आम्ल प्रक्रियेने काढलेल्या प्रकारात साधारण 7 ते 9 आणि अल्कली प्रक्रियेने काढलेल्या प्रकारात 5च्या आसपास असतो. बिअरचा पीएच साधारण 4 ते 4.5. म्हणजे दोन्ही प्रकार बिअरमध्ये धन प्रभाराचे, आणि यीस्टचा पृष्ठभाग ऋण. ठीक.

पण ‘प्रथिनांवर ऋण प्रभार’ इथे गाडी अडते. बिअरमधल्या प्रथिनांचे समविद्युत बिंदू वेगवेगळे असतात. त्या पीएचला सगळी सरसकट ऋण मानता येत नाहीत. शिवाय धूसरपणा घडवणारी प्रथिनं ओळखली जातात ती प्रोलीन या अमिनो आम्लावरून. कॉर्नेल विद्यापीठातले कार्ल सीबर्ट आणि सहकाऱ्यांनी 1990च्या दशकात दाखवलं की प्रथिनात प्रोलीन जितकं जास्त, तितकं ते पॉलिफेनॉलशी धूसरपणा घडवतं, आणि धूसरपणा किती येईल हे दोघांच्या प्रमाणावर ठरतं. गंमत म्हणजे जिलेटिन स्वतः कोलॅजेनमधून येतं, आणि कोलॅजेन प्रोलीनने ठासून भरलेलं असतं. प्रयोगशाळेत जिलेटिन आणि टॅनिक आम्ल एकत्र करून मुद्दाम धूसरपणा तयार करतात! म्हणजे जो पदार्थ केगमध्ये गढूळपणा काढतो, तोच प्रमाण चुकलं तर तो घालू शकतो. फळांचे रस आणि वाइन निवळवणाऱ्यांना जिलेटिनच्या अति डोसचा हा धोका चांगला माहीत आहे. धन-ऋणाच्या गोष्टीत याला जागाच नाही.

यातून धडा असा: परिणाम दिसला म्हणून त्यासोबत सांगितलेलं कारण सिद्ध होत नाही. कारण तपासायला वेगळी चाचणी लागते, आणि ती नेहमी महाग असते असं नाही. इथे तर एक ग्लास कोमट करणं पुरतं. थंडीतला प्रथिन-पॉलिफेनॉलचा धूसरपणा 20 अंशांच्या आसपास विरघळतो. यीस्टचा विरघळत नाही. ग्लास थंड असताना एकदा आणि खोलीच्या तापमानाला एकदा वाचन घेतलं, की जिलेटिनने दोघांपैकी कोणाला खाली बसवलं ते बरंचसं कळतं. दोन मिनिटांचं काम, पण ‘का?’ हा प्रश्न मनापासून पडलेला असला तरच सुचतं.

मग प्रयोग कसा असावा?

पाच वेगवेगळ्या वेळी बनवलेल्या पाच बिअर. प्रत्येक दोन भांड्यांत विभागलेली. कुठल्या भांड्यात जिलेटिन, हे नाणं उडवून. दुसऱ्यात तेवढंच साधं गरम पाणी. वाचन घेणाऱ्याला कुठलं कुठलं ते माहीत नाही. रोज एक वाचन, थंड आणि कोमट, दोन आठवडे.

पाचच का? कारण पाचही जोड्यांत जिलेटिनचंच भांडं जास्त निवळलं, तर तसं निव्वळ योगायोगाने घडण्याची शक्यता 32त एक, म्हणजे सुमारे 0.03. चार जोड्या असतील तर सगळा निकाल बाजूने लागूनही 16त एक, 0.06. म्हणजे या साध्या हिशोबाने चार जोड्यांचा प्रयोग सुरू होण्याआधीच नापास आहे. आकडा ‘बजेटमध्ये बसला तेवढा’ असा न येता असा यावा लागतो.

चवीसाठी प्रत्येक जोडीला चव घेणारे, आणि सुरुवातीलाच एक वाक्य लिहून ठेवलेलं: ‘ओळखणारे इतक्या टक्क्यांपेक्षा कमी असतील तर आम्ही दोन्ही समान मानू.’ हा टक्का संख्याशास्त्र देत नाही; विषयाची जाण देते. कोणासाठी ठरवतोय, हेही त्यात आलं. जिलेटिन प्राण्यांच्या कातड्या-हाडांतून येतं. शाकाहारी ग्राहकासाठी प्रश्न ‘चव बिघडते का?’ असा नसून ‘याची गरज तरी आहे का?’ असा आहे. माशाच्या वायुपिशवीपासून बनणारं आयसिंग्लास वापरणं सोडत असल्याचं गिनेसने 2015 साली जाहीर केलं, तेव्हा प्रश्न हाच होता. प्रश्न बदलला की त्याच आकड्यांचा अर्थ बदलतो.

हौशींकडून किती अपेक्षा ठेवायची?

सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या पैशाने केग मांडणाऱ्या माणसाने पाच जोड्या कराव्यात, असं म्हणणं अन्यायाचं आहे. त्याने तसं करू नये. त्याने फक्त वाक्य लहान करावं. ‘या दोन केगमध्ये, या दिवशी, या 24 जणांना फरक खात्रीने ओळखता आला नाही.’ हे वाक्य पूर्ण खरं आहे, उपयोगी आहे, आणि पुढच्याने त्यात आपली जोडी घालावी असं आहे. अशा पंधरावीस जणांच्या जोड्या एकत्र केल्या, अगदी ‘नापास’ झालेल्यासुद्धा, तर एखाद्या प्रयोगशाळेला हेवा वाटेल असा पुरावा उभा राहतो.

आपल्याला ही सवलत नाही. आपल्याला फेलोशिप मिळते, मार्गदर्शक असतात, आणि आपलं वाक्य पुढे कोणीतरी संदर्भ म्हणून उचलतं. म्हणून प्रयोग लहान असला तर दावाही तेवढाच लहान ठेवायचा, किंवा दावा मोठा हवा असेल तर प्रयोग तेवढा वाढवायचा.

या आठवड्यासाठी काम: गढूळ पाणी, तुरटी आणि सहा सारखे ग्लास घ्या. तीनात तुरटीचं पाणी, तीनात तेवढंच साधं पाणी, चिठ्ठ्या टाकून. वाचन घेणारा दुसराच हवा. पाणी ओतण्याआधी वहीत दोन वाक्यं लिहा: कुठला निकाल आला तर मी ‘फरक आहे’ म्हणेन, आणि कुठला आला तर ‘फरक नाही’ म्हणेन. दुसरं वाक्य लिहिताना पेन अडखळेल. तिथे घाई करू नका. पॉवरचा सगळा हिशोब त्याच वाक्यासाठी असतो.